स्वतःला सावरणारी यंत्रं आणि मुरंब्याचे डॉ. विजय भटकर



या वेळच्या अभ्यासपाठात एका इंजिनिअरची ओळख करून घ्यायची आहे. त्यांचं नाव डॉ. विजय भटकर. पेपरात किंवा टीव्हीवर तुम्ही ते ऐकलं असेल ते ‘परम’ महासंगणकामुळे. पण त्याच्याही आधी ते ज्या विषयात काम करत होते, तो विषय आपल्या घरात, शेतात आणि गटाच्या बैठकीत रोज भेटतो, फक्त त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं. त्या विषयाला म्हणतात कंट्रोल सिस्टीम. मराठी पुस्तकात ‘नियंत्रण प्रणाली’ असं लिहितात. नाव जड वाटलं तरी घाबरू नका. पाठ संपेपर्यंत तुम्ही हा विषय दुसऱ्या ताईला समजावून सांगू शकाल.

पाठ दोन बैठकांत वाचला तरी चालेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी मध्ये थांबवून प्रश्न विचारावेत.

कंट्रोल सिस्टीम म्हणजे काय?

आधी इस्त्रीचं उदाहरण घेऊ. इस्त्री लावली, दिवा लागला. थोड्या वेळाने ‘टक’ असा बारीक आवाज येतो आणि दिवा जातो. तुम्ही बटन दाबलेलं नसतं. परत काही मिनिटांनी दिवा लागतो. हे कोण करतं? इस्त्रीच्या आत दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी. मग पट्टी वाकते आणि विजेचा जोड सुटतो. थंड झाली की सरळ होते आणि जोड परत लागतो. तुम्ही चकती सुती कपड्यावर फिरवता की रेशमी, त्यावर पट्टी किती वाकल्यावर जोड सोडायचा ते ठरतं.

यात चार कामं झाली. ती नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा पाठ यावर उभा आहे.

1. ठरवलेलं माप. किती गरम हवं, ते तुम्ही चकती फिरवून सांगितलं.
2. मोजणारा. प्रत्यक्षात किती गरम झालं, ते पट्टीला कळलं. मोठ्या यंत्रात याला सेन्सर म्हणतात.
3. ठरवणारा. ठरवलेलं आणि झालेलं यांत फरक आहे का? वीज चालू ठेवायची की बंद करायची? याला कंट्रोलर म्हणतात.
4. करणारा. ज्याच्या हातून काम होतं तो. इथे विजेचा जोड. पंपाला मोटर, पाइपाला व्हॉल्व्ह.

आणि या चौघांना बांधणारी पाचवी गोष्ट म्हणजे फीडबॅक. फीडबॅक म्हणजे परत येणारी खबर. केलेल्या कामाचा परिणाम काय झाला, ही खबर ठरवणाऱ्याकडे परत आली पाहिजे. ती आली नाही, तर यंत्र कितीही महाग असो, ते आंधळंच.

गावातल्या दूध संकलन केंद्रावर बल्क कूलर असतो. दूध साधारण 4 अंशांवर ठेवायचं असतं. ते चढलं की कूलर आपोआप चालू होतो, उतरलं की थांबतो. हेच तत्त्व. येलदरी धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे. तिथे पाण्याच्या जोराने टर्बाइन फिरतं. ते कमी-जास्त फिरलं तर विजेची लय बिघडते, म्हणून वेग मोजून पाणी कमी-जास्त सोडणारी यंत्रणा असते. तिला गव्हर्नर म्हणतात. इंग्लंडमध्ये जेम्स वॉटने 1788 च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला असा गव्हर्नर बसवला, दोन फिरते गोळे लावून. वेग वाढला की गोळे बाहेर फाकायचे आणि वाफेचं तोंड थोडं मिटायचं. तिथपासून या विद्येची खरी वाढ झाली.

तुम्ही म्हणाल, हे तर आम्ही रोज करतो. बरोबर आहे. चुलीवर भाकरी टाकल्यावर तुम्ही भाकरीकडे बघता, वास घेता, जाळ जास्त झाला की लाकूड मागे ओढता. डोळा आणि नाक मोजणारे, डोकं ठरवणारं, हात करणारा. इंजिनिअरने इतकंच केलं की हे शहाणपण यंत्रात बसवलं.

मोटरचा ‘ऑटो’: अर्धवट शहाणपण

आता शेतात जाऊ. रात्री-बेरात्री लाइट येते. उठून शेतात कोण जाणार? म्हणून स्टार्टरला ‘ऑटो’ बसवतात. लाइट आली की मोटर आपोआप चालू. सोय झाली, पण आपल्या चार कामांच्या यादीशी ताडून बघा. ऑटो काय मोजतो? फक्त लाइट आली की नाही, एवढंच. विहिरीत पाणी आहे का, हे तो मोजत नाही. बोअरला पाणी खाली गेलेलं असलं तरी मोटर कोरडी फिरत राहते आणि जळते. रिवाइंडिंगचा खर्च कुणाच्या माथी पडतो, ते तुम्हाला सांगायला नको. बऱ्याच घरांत तो गटाच्या कर्जातूनच होतो.

याला उपाय आहे. कोरडी मोटर बंद करणारं यंत्र बाजारात ‘ड्राय रन’ नावाने मिळतं. पाणी संपलं की मोटरचा भार उतरतो, ती कमी करंट ओढते. हे यंत्र तो करंट मोजतं आणि मोटर थांबवतं. म्हणजे जी खबर परत येत नव्हती, ती आता येते. ऑटोला डोळा बसला असं समजा.

दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची. गावातल्या सगळ्यांनी ऑटो लावले तर काय होतं? लाइट येताच पन्नास मोटरी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. रोहित्रावर, म्हणजे आपल्या डीपीवर, एकदम ताण येतो आणि ती जळते. म्हणून महावितरण शेतकऱ्यांना ऑटो काढा, कपॅसिटर बसवा असं सांगत असतं. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता, पण एकाला दुसऱ्याची खबर नव्हती. एकेका यंत्राचं नियंत्रण वेगळं आणि सगळ्यांचं मिळून नियंत्रण वेगळं. हे वाक्य लक्षात ठेवा. डॉ. भटकरांचं काम कळायला ते लागणार आहे.

मुरंबा ते दिल्ली

पूर्णा स्टेशनावरून हिंगोली-वाशिममार्गे अकोल्याला गाडी जाते. त्या अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा नावाचं गाव आहे. नाव वाचून तोंडाला पाणी सुटलं असेल! या गावात 11 ऑक्टोबर 1946 ला विजय भटकरांचा जन्म झाला. देश स्वतंत्र व्हायला अजून दहा महिने होते.

पुढचं शिक्षण बघा, कारण त्यात एक एक पायरी दिसते. 1965 मध्ये नागपूरच्या विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेजमधून ते इंजिनिअर झाले. आज त्या कॉलेजला व्हीएनआयटी म्हणतात. वय होतं एकोणीसच्या आत. 1968 मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पुढची पदवी, एमई. आणि 1972 मध्ये दिल्लीच्या आयआयटीतून पीएचडी. म्हणजे खेड्यात जन्मलेला मुलगा पंचविशी ओलांडता ओलांडता देशातल्या मोठ्या तंत्रशिक्षण संस्थेतून डॉक्टर झाला.

त्या काळात देशात इलेक्ट्रॉनिक्स नवीन होतं. रेडिओ घरात असणं हीच मोठी गोष्ट. सरकारने या क्षेत्राची आखणी करायला इलेक्ट्रॉनिक्स आयोग नेमला होता. भटकरांनी सुरुवातीची वर्षं तिथे काम केलं. परदेशात जाऊन नोकरी करण्याची वाट त्यांच्या पिढीतल्या अनेक इंजिनिअरांनी धरली. भटकर इथेच राहिले.

तिरुवनंतपुरमची सात वर्षं

1980 ते 1987 ते केरळमध्ये तिरुवनंतपुरमला होते. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन आणि विकास केंद्राचे संचालक म्हणून. हे केंद्र कारखान्यांना, वीज क्षेत्राला, वाहतुकीला लागणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा देशातच तयार करण्यासाठी होतं. पुढे ते केंद्र सी-डॅकमध्ये सामील झालं आणि आजही तिथे शहरातले रस्त्यावरचे सिग्नल चालवणारी यंत्रणा तयार होते. पुण्या-मुंबईत चौकात थांबल्यावर आपल्याला दिवा लाल-हिरवा दिसतो. त्यामागे रस्त्याखाली किंवा खांबावर गाड्या मोजणारा सेन्सर, एक ठरवणारा संगणक आणि पुढच्या चौकाशी बोलणी असू शकते. पुन्हा तेच. मोजणारा, ठरवणारा, करणारा, आणि परत येणारी खबर.

या विषयावर भटकरांनी जर्मनीतल्या ब्रेमेन विद्यापीठाचे प्राध्यापक पोपोविच यांच्यासोबत एक मोठं पुस्तक लिहिलं. ते 1990 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालं. कारखान्यातलं नियंत्रण अनेक संगणकांत वाटून कसं द्यायचं, हा त्याचा विषय. ही कल्पना आपल्याला समजून घ्यायची आहे, कारण ती आपल्या कामाच्या फार जवळची आहे.

समजा, एक साखर कारखाना आहे. उसाचा रस काढणं, तो तापवणं, आटवणं, दाणेदार करणं, बॉयलर, वीज, अशी अनेक खाती. जुनी पद्धत अशी की सगळ्या खात्यांच्या वायरी एका खोलीत आणायच्या आणि एका मोठ्या संगणकाने सगळं ठरवायचं. त्यात अडचण काय? तो एक संगणक बंद पडला की सगळा कारखाना बंद. वायर लांबली की खबर पोचायला उशीर आणि बिघाडही जास्त.

नवी पद्धत अशी. प्रत्येक खात्याला आपला छोटा संगणक. बॉयलरचा दाब बॉयलरजवळच सांभाळायचा. त्यासाठी वरच्याला विचारत बसायचं नाही. पण प्रत्येक छोटा संगणक आपली खबर वर पाठवतो. वरचा सगळीकडे नजर ठेवतो, एकाच्या कामाचा दुसऱ्याशी मेळ घालतो, उद्या किती उत्पादन घ्यायचं ते ठरवतो. वरचा काही वेळ बंद पडला तरी खालची कामं थांबत नाहीत. खालचा एक बिघडला तर वरच्याला लगेच कळतं आणि बाकीचे चालू राहतात.

आता सांगा, हे ऐकून काय आठवलं? बचत गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ! कुणाला किती अंतर्गत कर्ज द्यायचं हे गटातच ठरतं. दहा-वीस जणी एकमेकींना ओळखतात, म्हणून तिथला निर्णय चांगला होतो. गटाचा हिशोब ग्रामसंघाकडे जातो, तिथून प्रभागसंघाकडे. वरचे सगळ्या गटांचा मेळ बघतात, बँकेशी बोलतात, प्रशिक्षण देतात. पण गटाचं काम गटानेच करायचं. कारखान्यासाठी इंजिनिअरांनी जे मांडलं, तेच आपण गावात माणसांनी चालवतो.

मग आपली मोजणारी गोष्ट कोणती? हिशोबाच्या वह्या. मासिक बैठक म्हणजे परत येणारी खबर. आणि इथेच आपली यंत्रणा बिघडते. थकबाकी पहिल्या महिन्यात दिसली, तर घरी जाऊन बोलता येतं. काय अडचण आहे, हप्ता लहान करू का, हे विचारता येतं. तीच थकबाकी सहा महिन्यांनी कळली, तर रक्कम डोंगराएवढी झालेली असते आणि मग भांडण होतं, गट फुटतो. कंट्रोल सिस्टीमच्या पुस्तकात हेच शिकवतात. खबर उशिरा आली, तर चांगलं यंत्रसुद्धा हेलकावे खायला लागतं.

घाई केली तरी हेलकावे येतात. भाजीत मीठ कमी वाटलं, टाकलं, विरघळायच्या आत चाखलं, परत कमी वाटलं, परत टाकलं. शेवटी भाजी खारट. म्हणून किती फरक आहे तेवढीच दुरुस्ती आणि दुरुस्तीचा परिणाम दिसायला थोडा वेळ. एका हप्त्याला उशीर झाला म्हणून त्या ताईला बैठकीत सगळ्यांदेखत बोलणं ही मूठभर मीठ टाकण्यासारखी दुरुस्ती झाली. ती पुढच्या बैठकीला येणारच नाही, मग खबरही बंद.

नाही म्हटलं, म्हणून ‘परम’

1980 च्या दशकात भारताला महासंगणक हवे होते. महासंगणक म्हणजे अतिशय मोठी गणितं फार वेगाने करणारा संगणक. मुख्य गरज हवामानाच्या अंदाजाची होती. पाऊस कधी येईल हे सांगायचं तर हवेचा दाब, वारा, ओल, तापमान यांची लाखो आकडेमोड काही तासांत करावी लागते. आठवडाभर गणित करून कालच्या पावसाचा अंदाज देऊन काय उपयोग? अमेरिकेने हवामानाच्या कामासाठी एक यंत्र दिलं, पण त्याहून ताकदीचं यंत्र द्यायला नकार दिला. कारण तेच यंत्र शस्त्रांच्या कामीही वापरता येतं.

मग सरकारने ठरवलं, आपणच बनवायचं. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि तिचे पहिले कार्यकारी संचालक झाले डॉ. भटकर. मुदत होती तीन वर्षांची. 1991 मध्ये ‘परम 8000’ तयार झाला.

कसं जमलं? युक्ती साधी आहे. गावात लग्न आहे, हजार पोळ्या करायच्या आहेत. एकच फार वेगवान बाई शोधत बसलात तर लग्न उरकेल, पण पोळ्या व्हायच्या नाहीत. त्यापेक्षा साठ-सत्तर बायका बसवा. कुणी कणीक मळेल, कुणी लाटेल, कुणी भाजेल. काम वाटून द्यायची आणि वेळेवर एकमेकींना माल पोचवायची शिस्त मात्र पाहिजे, नाहीतर लाटणारी रिकामी आणि भाजणारी घामाघूम. ‘परम 8000’ मध्ये असेच 64 छोटे संगणक एकमेकांना जोडून त्यांच्यात काम वाटलं होतं. त्यातला एकेक भाग बाजारात मिळण्यासारखा होता. अवघड होती ती वाटणी आणि जोडणी. आधीच्या पुस्तकातली कल्पना आठवा, एका मोठ्यापेक्षा अनेक छोटे, पण एकमेकांना खबर देणारे. भटकरांच्या कामात हा धागा सारखा दिसतो.

हे काम एकट्याचं नव्हतं. सी-डॅकमधल्या तरुण इंजिनिअरांच्या मोठ्या गटाने ते केलं. भटकर त्यांचे म्होरके होते. पुढे परमची यंत्रं जर्मनी, इंग्लंड, रशियालाही गेली. ज्या देशाला यंत्र नाकारलं होतं, तो देश यंत्र विकायला लागला. 1998 मध्ये ‘परम 10000’ आला. हे नाव आजही चालू आहे. सप्टेंबर 2024 मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकात्यात ‘परम रुद्र’ नावाचे तीन नवे महासंगणक सुरू झाले.

आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर आठवड्याला हवामानावर आधारित कृषी सल्ला येतो. फवारणी करावी का, काढलेलं सोयाबीन झाकून ठेवावं का, हे त्यात असतं. तो सल्ला ज्या अंदाजावर उभा असतो, तो अंदाज महासंगणकावर काढला जातो. तुमच्या व्हॉट्सअॅपवर आलेल्या चार ओळींमागे एवढं गणित असतं. सल्ला गटात वाचून दाखवत जा.

संगणक मराठी कसा बोलायला लागला

सी-डॅकचं दुसरं काम तर आपल्या थेट हातातलं. सुरुवातीला संगणकावर फक्त इंग्रजी अक्षरं उमटायची. जोडाक्षरं, काना, मात्रा, वेलांटी हे त्याला जमत नव्हतं. मोहन तांबे या इंजिनिअराने कानपूरच्या आयआयटीत यावर काम केलं आणि तेच काम घेऊन ते सी-डॅकमध्ये आले. ‘जिस्ट’ नावाच्या या तंत्राने साध्या संगणकावर देवनागरी आणि इतर भारतीय लिप्या उमटायला लागल्या. आपल्या सीआरपी ताई मोबाइलवर मराठीत मेसेज पाठवतात, ऑनलाइन सात-बारा मराठीत निघतो, या रस्त्यावरचे पहिले दगड त्या काळात बसले.

2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ म्हणजे एमकेसीएल सुरू झालं. त्याला भटकरांचं मार्गदर्शन मिळालं. एमकेसीएल म्हटलं की लक्षात येणार नाही, पण ‘एमएससीआयटी’ म्हटलं की तालुक्याच्या गावातला क्लास लगेच डोळ्यांपुढे येतो. तुमच्यापैकी किती जणींच्या लेकी-सुना, किंवा तुम्ही स्वतः, तो कोर्स करून आल्या असतील!

सरकारने त्यांना 2000 मध्ये पद्मश्री आणि 2015 मध्ये पद्मभूषण दिलं. महाराष्ट्र भूषण पुरस्कारही मिळाला. 2017 मध्ये ते बिहारमधल्या नालंदा विद्यापीठाचे कुलपती झाले.

आता आपल्या मुलींचं काय?

ताईंनो, एवढा पाठ मी एका माणसाचं कौतुक करायला लिहिलेला नाही. मला एक सरळ गोष्ट विचारायची आहे. मुरंब्याचा मुलगा एकोणीसच्या आत इंजिनिअर झाला. आपल्या जिल्ह्यातली मुलगी त्या वयात कुठे असते?

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, परभणी जिल्ह्यातल्या 20 ते 24 वर्षांच्या जवळपास निम्म्या बायकांनी सांगितलं की त्यांचं लग्न 18 च्या आत झालं. महाराष्ट्रात हे प्रमाण सगळ्यात जास्त असलेल्या जिल्ह्यांत आपण आहोत. मी गावोगाव फिरते तेव्हा त्यामागची कारणंही ऐकते. शाळा लांब आहे, ऊसतोडीला जायचं आहे, पोरीला एकटं कुठं ठेवायचं, हुंडा वाढत चालला. ही कारणं खोटी नाहीत. पण दहावीनंतर काय काय करता येतं ही खबरच घरापर्यंत पोचत नाही, हेही तितकंच खरं आहे. खबर नसली की निर्णय आंधळा, हे आपण वर शिकलोच.

म्हणून ही खबर घ्या.

- आयटीआय. परभणीला शासकीय आयटीआय आहे. दहावीनंतर इलेक्ट्रिशियनसारखा ट्रेड दोन वर्षांचा. मुली हा ट्रेड घेऊ शकतात. घरातली आणि शेतातली वीज दुरुस्त करणारी मुलगी गावात हवी आहेच.
- पॉलिटेक्निक. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा. त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. लातूरला मुलींसाठी शासकीय निवासी तंत्रनिकेतन आहे, म्हणजे राहण्याचा प्रश्नही सुटतो.
- इंजिनिअरिंग. बारावी विज्ञाननंतर सीईटी देऊन चार वर्षांची पदवी. शेजारच्या नांदेडला श्री गुरु गोबिंद सिंघजी कॉलेजमध्ये ‘इन्स्ट्रुमेंटेशन’ ही शाखा आहे. आज ज्या विषयाचा पाठ वाचला, तोच विषय तिथे शिकवतात.
- फी. 2024-25 पासून राज्य सरकारने आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. कोणत्या अभ्यासक्रमाला काय लागू होतं, ते प्रवेश सुविधा केंद्रावर विचारून घ्या.
- कागदपत्रं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, लागत असल्यास नॉन-क्रिमीलेअर. निकाल लागल्यावर धावपळ करू नका, दहावीच्या वर्षातच काढून ठेवा. आई घरी नसेल तर गटातल्या दुसऱ्या ताईने मुलीसोबत जावं.

आणि हे फक्त मुलींपुरतं नाही. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत बचत गटातल्या बायका ड्रोन उडवायला शिकताहेत. ड्रोन वाऱ्यातही तोल सांभाळून उडतो, तो किती कलला हे क्षणाक्षणाला मोजतो आणि पंख्यांचा वेग बदलतो. सौर पंपाचा कंट्रोलर आपल्या शेतात आलाच आहे. यंत्र आपल्या दारात आलं आहे. ते बिघडल्यावर तालुक्याच्या मिस्त्रीची चार दिवस वाट बघायची, की आपल्यातली एक शिकून तयार व्हायची, एवढंच ठरवायचं आहे.

बैठकीत करायचा उपक्रम

1. प्रत्येकीने घरातलं किंवा शेतातलं एक आपोआप चालणारं यंत्र सांगावं. त्यातला मोजणारा कोण, ठरवणारा कोण, करणारा कोण? खबर परत येते का?
2. आपल्या गटाची थकबाकी किती दिवसांनी लक्षात येते? ती पहिल्याच महिन्यात दिसावी म्हणून वहीत काय बदल करता येईल?
3. तुमच्या गावात किती शेतांत ऑटो आहेत? त्यातल्या किती ठिकाणी ड्राय रन किंवा कपॅसिटर आहे? मागच्या वर्षी किती मोटरी जळल्या, त्याला किती खर्च आला, याची यादी करा.
4. गटातल्या सदस्यांच्या घरात यंदा दहावीला आणि बारावीला किती मुली आहेत? नावं लिहून ठेवा. प्रत्येक मुलीची जबाबदारी एका ताईने घ्या. आईने नव्हे, दुसऱ्या ताईने. निकालानंतर मुलीचं पुढे काय ठरलं, ही खबर गटात परत आली पाहिजे.

चौथ्या प्रश्नाची यादी पुढच्या महिन्याच्या ग्रामसंघ बैठकीत आणा. मी प्रत्येक ग्रामसंघात येणार आहे, तेव्हा ती यादी घेऊन आपण एकेका मुलीबद्दल बोलू. ज्या घरात लग्नाची बोलणी सुरू आहेत, तिथलंही नाव यादीतून वगळू नका. लपवलेली खबर कुणाच्याच कामाची नसते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक